कूळ, खोत आणि संगणकावरचा खेळ

(काशीद येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात झालेल्या भाषणाचा मजकूर)



ओहोटी लागली की काशीदच्या किनाऱ्यावर, सुरूच्या बनापुढे, ओल्या वाळूचा रुंद पट्टा मोकळा होतो. तेथे मुले काठीने रेघा ओढून आट्यापाट्यांचे किंवा कबड्डीचे मैदान आखतात. पाट्या किती घ्यायच्या हे गडी किती जमले यावर ठरते. बाद झालेला गडी पुन्हा उठवायचा की नाही, याविषयी जागोजागी वेगळी रीत होती आणि त्यामुळेच कबड्डीचे संजीवनी, गामिनी आणि अमर असे निरनिराळे प्रकार नांदले. एका गावाने दुसऱ्या गावाचा नियम उचलला म्हणून कोणी कोणावर नोटीस बजावली नाही. खेळ खेळणाऱ्यांचा आणि तो बदलण्याचा अधिकारही त्यांचाच, ही गोष्ट इतकी उघड होती की ती लिहून ठेवण्याची गरज कोणास भासली नाही.

परंपरेने ज्ञानदेवांच्या नावाशी जोडलेला मोक्षपट हेच सांगतो. जैनांनी, वैष्णवांनी आणि सूफींनी पटावरच्या घरांना आपापल्या तत्त्वविचाराप्रमाणे नावे दिली. इंग्रजी अमलात तो पट विलायतेस गेला आणि तेथे त्याची सापशिडी झाली. पचिसीचे मात्र निराळे घडले. १८७४ साली अमेरिकेत तिच्या नावावरून घेतलेले 'पारचिसी' हे नाव एका व्यापाऱ्याचे नोंदणीकृत व्यापारचिन्ह बनले आणि १८९६ साली इंग्लंडात तिच्याच धर्तीच्या खेळाचे ल्यूडो या नावाने पेटंट निघाले. शतकानुशतके ज्या पटावर लोकांनी सोंगट्या हलवल्या, त्याला कुंपण घालणारा मालक ठरला. आजच्या विषयाचे मूळ या कुंपणात आहे.

आजचे तरुण संगणकावर आणि मोबाइलवर खेळतात. हे खेळ मोठमोठ्या कंपन्या प्रसिद्ध करतात. त्यांतील काही खेळांवर खेळाडूंचे इतके प्रेम जडते की केवळ खेळून त्यांचे समाधान होत नाही. ते त्यात नवे प्रदेश रचतात, नवी पात्रे आणतात, राहून गेलेले दोष दुरुस्त करतात, जुना खेळ नव्या यंत्रावर चालेल असा करतात, परक्या भाषेतील संवाद आपल्या भाषेत आणतात. अशा फेरफारास 'मॉड' म्हणतात आणि तो करणाऱ्यास मॉडर. काही जण याच्याही पुढे जाऊन आवडत्या खेळाची संपूर्ण नवी आवृत्ती किंवा पुढचा भाग स्वतः तयार करतात. हे काम बहुधा विनावेतन, नोकरी किंवा शिक्षण सांभाळून रात्री केले जाते आणि पुरे झाल्यावर सर्वांना मोफत दिले जाते. याच कामांवर कंपन्यांचे वकील तुटून पडतात.

काही उदाहरणे पाहावीत. 'क्रोनो ट्रिगर' हा जपानी खेळ १९९५ सालचा. त्याच्या चाहत्यांच्या एका गटाने २००४ पासून त्याचा पुढचा भाग रचण्यास घेतला. मे २००९ च्या अखेरीस तो प्रसिद्ध व्हायचा होता आणि काम जवळजवळ संपले होते. त्याच महिन्यात स्क्वेअर एनिक्स या कंपनीचे वकिली पत्र आले. काम थांबवा, नाहीतर लाख-दीड लाख डॉलरपर्यंत भरपाई भरावी लागेल, असा त्याचा आशय होता. तरुणांनी काम थांबवले. दुसरे उदाहरण निन्टेन्डो कंपनीच्या 'मेट्रॉइड' मालिकेचे. तिचा दुसरा भाग १९९१ साली हातात मावणाऱ्या कृष्णधवल यंत्रासाठी निघाला होता. अर्जेंटिनातील एका तरुणाने अनेक वर्षे खपून त्याची नवी, रंगीत आवृत्ती सिद्ध केली आणि ऑगस्ट २०१६ मध्ये, मालिकेस तीस वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, ती मोफत दिली. काही दिवसांतच कंपनीच्या नोटिसांमुळे ती उतरवली गेली. पुढल्याच वर्षी कंपनीने त्याच भागाची आपली नवी आवृत्ती विक्रीस काढली.

या प्रकरणांत एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ही कामे गुप्तपणे चालली नव्हती. त्यांची वार्ता वर्षानुवर्षे जाहीर होती. कंपनीने आरंभीच 'नको' म्हटले असते तर तरुणांनी आपले श्रम दुसरीकडे लावले असते. परंतु श्रम होईपर्यंत मौन आणि फळ हाताशी आले की मनाई, हा क्रम पुनःपुन्हा दिसतो. त्यामागे प्रत्येक वेळी कट असतो असे नव्हे. मालकाला घाई नसते, एवढेच. घाई ज्याचे श्रम अडकले आहेत त्याला असते.

मात्र कंपन्या मॉडच्या सरसकट शत्रू आहेत, असे समजणे चुकीचे ठरेल. नफा दिसतो तेथे त्या मोठ्या प्रेमाने जवळ येतात. 'काउंटर-स्ट्राइक' हा जगभर गाजलेला खेळ मुळात १९९९ साली दोघा तरुणांनी 'हाफ-लाइफ' या खेळावर केलेला मॉड होता. व्हॉल्व्ह कंपनीने त्याचे हक्क घेतले, त्यांना कामावर घेतले आणि २००० साली तो स्वतःच्या नावाने बाजारात आणला. २०१२ साली 'डे-झेड' या मॉडची इतकी लाट आली की तो चालवण्यासाठी लागणारा 'आर्मा २' हा तीन वर्षांचा जुना खेळ पुन्हा धडाक्याने खपू लागला. अर्थशास्त्राच्या भाषेत मूळ खेळ आणि मॉड या पुष्कळदा परस्परपूरक वस्तू असतात. एकाची मागणी दुसऱ्याची मागणी वाढवते. म्हणजे विनावेतन श्रमाने मालकाच्या मालमत्तेचे मूल्य वाढते आणि ते वाढलेले मूल्य मालकाकडेच जमा होते.

या मूल्याची वाटणी कशी होते, हे एकदा लखलखीतपणे उघड झाले. एप्रिल २०१५ मध्ये व्हॉल्व्ह आणि बेथेस्डा या कंपन्यांनी 'स्कायरिम' या खेळाचे मॉड पैसे घेऊन विकण्याची योजना आणली. मॉड रचणाऱ्यास किमतीच्या २५ टक्के, दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्हला ३० टक्के आणि मूळ खेळाच्या मालकास ४५ टक्के, असे प्रमाण ठरले. ज्याने नव्याने काही निर्माण केले त्याला पाव हिस्सा आणि ज्यांनी त्या निर्मितीसाठी नवे काहीच केले नाही त्यांना पाऊण हिस्सा! खेळाडूंचा असा क्षोभ उसळला की चार-पाच दिवसांत योजना मागे घ्यावी लागली. २०२० साली ब्लिझार्ड कंपनीने याच्याही पुढचे पाऊल टाकले. 'वॉरक्राफ्ट ३' या खेळात खेळाडूंनी रचलेला प्रत्येक नवा खेळ ही संपूर्णतः कंपनीचीच मालमत्ता राहील, असे तिने नियमावलीत लिहून टाकले.

श्रम एकाचे आणि वाढीव मूल्य दुसऱ्याचे, ही व्यवस्था या जिल्ह्याला नवी नाही. कोकणातील खोतीत कूळ जमीन कसत असे, खारेपाटात खाडीचे पाणी अडवणारे बांध घालीत असे, ते फुटले की पुन्हा बांधीत असे, पडीत वरकसावर झाडे लावीत असे. त्यामुळे जमिनीची किंमत वाढे आणि खोताचा हिस्साही वाढे. कुळाला मात्र त्या जमिनीवर उद्या उभे राहता येईल की नाही, याचा भरवसा नव्हता. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यात, अलिबाग तालुक्यातील चरी येथे, नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी जमीन न कसण्याचा निश्चय केला आणि तो संप १९३९ पर्यंत, म्हणजे सुमारे सहा वर्षे, उपासमार सोसून चालवला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १९३९ च्या कायद्याने 'संरक्षित कूळ' ही संकल्पना आणली, १९४८ चा कूळकायदा झाला आणि १९४९ साली खोतीच्या निर्मूलनाचा कायदा झाला.

कूळकायद्याची चर्चा होते ती बहुधा 'कसेल त्याची जमीन' या घोषणेच्या अंगाने. परंतु त्याच कायद्यात तुलनेने दुर्लक्षित अशा दोन तरतुदी आहेत: कुळाने जमिनीत केलेल्या सुधारणांची भरपाई त्याला मिळावी आणि त्याने स्वतः लावलेल्या झाडांवर त्याचा हक्क असावा. जमीन कोणाची हा वाद मिटण्यापूर्वीच कायद्याने एवढे मान्य केले की परक्याच्या जमिनीत घातलेले श्रम जमीनमालकाचे होत नाहीत. मॉड करणाऱ्यांच्या प्रश्नाला लागू पडणारे तत्त्व नेमके हेच आहे. मूळ खेळ कंपनीचा असेल, पण त्यावर लावलेले झाड लावणाऱ्याचे आहे.

किंबहुना येथे कुळाची बाजू अधिकच बळकट ठरते. जमीन मर्यादित असते. एकाने कसली तर ती त्याच हंगामात दुसऱ्याला कसता येत नाही. संगणकाच्या आज्ञावलीचे तसे नाही. एका तरुणाने रचलेल्या मॉडमुळे मूळ खेळाची एक प्रतही कमी होत नाही. वस्तूच्या टंचाईतून मालकीचे समर्थन करणारा युक्तिवाद येथे लुळा पडतो, कारण ही टंचाई निसर्गाने नव्हे, कायद्याने निर्माण केलेली असते.

आता प्रतिपक्षाचे म्हणणेही प्रामाणिकपणे विचारात घेतले पाहिजे. पहिला आक्षेप असा की खेळ तयार करण्यास शेकडो माणसांचे श्रम आणि प्रचंड भांडवल लागते. त्याचे रक्षण झाले नाही तर त्या माणसांचे पगार कोठून येतील? आक्षेप खरा आहे. परंतु जे शेकडो लोक खेळ रचतात, ते त्याचे मालक नसतात. भारतीय कायद्यातही नोकरीत असताना केलेल्या कृतीचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, मालकच असतो. म्हणजे वेतनावर राबणारा चित्रकार आणि विनावेतन राबणारा मॉडर हे दोघेही एकाच खोताचे कूळ आहेत. त्यांना परस्परांविरुद्ध उभे करणे हे खोताच्याच सोयीचे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मॉडच्या नावाखाली काही जण चोरीच्या प्रती विकतात, काही जण एकत्र खेळल्या जाणाऱ्या खेळांत लबाडी करण्याची साधने पुरवतात. अशा व्यवहाराचे समर्थन करण्याचे कारण नाही. लबाडीमुळे इतर खेळाडूंचेच नुकसान होते आणि चोरीच्या विक्रीत सार्वजनिक हित कोठेच नसते. परंतु शेतातील चोर पकडण्यासाठी सगळ्या कुळांना हुसकावण्याची गरज नसते. रेघ कोठे ओढता येते हे २०१७ मध्ये दिसलेही. 'ग्रँड थेफ्ट ऑटो' या खेळाचे मॉड ज्या 'ओपन-फोर' नावाच्या साधनाने बनत, ते जवळजवळ दहा वर्षे चालू असलेले साधन टेक-टू या कंपनीने जूनमध्ये बंद करावयास लावले. खेळाडूंनी विक्रीच्या ठिकाणी निषेधाच्या अभिप्रायांचा पाऊस पाडला. काही दिवसांतच तडजोड झाली आणि एकट्याने खेळावयाच्या खेळावरील, विक्रीसाठी नसलेल्या मॉडवर सामान्यतः कारवाई करणार नाही, असे जाहीर झाले. हे आश्वासन कंपनीच्या मर्जीवर आहे, हक्क म्हणून नाही, ही त्यातील उणीव. चरीच्या कुळांना खोताच्या मर्जीचा अनुभव होता. म्हणूनच त्यांना मर्जी नव्हे, कायदा हवा होता.

भारतात हा प्रश्न न्यायालयापर्यंत गेल्याचे एक जवळचे उदाहरण आहे. कोलकात्याच्या रजत आणि जयंत अगरवाला या बंधूंनी 'स्क्रॅबल' या शब्दांच्या खेळाच्या धर्तीवर 'स्क्रॅब्युलस' नावाचा खेळ तयार केला. २००८ च्या सुमारास लाखो लोक तो रोज खेळत. स्क्रॅबलचे हक्क अमेरिका आणि कॅनडा येथे हॅस्ब्रोकडे, इतरत्र मॅटेलकडे होते. हॅस्ब्रोने न्यूयॉर्कला दावा लावला, मॅटेलने दिल्लीला. सप्टेंबर २००८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने जो आदेश दिला, त्यात दोन प्रश्न वेगळे केले गेले. नावाच्या सारखेपणामुळे व्यापारचिन्हाचा भंग होतो, म्हणून ते नाव वापरण्यास मनाई झाली. परंतु पटावरील स्वामित्वहक्काच्या आधारे खेळच बंद पाडण्याची मागणी मान्य झाली नाही. बंधूंनी नाव बदलून 'लेक्सुलस' केले आणि खेळ चालू राहिला. नाव मालकाचे, पण खेळणे सर्वांचे, हा विवेक भारतीय न्यायालयाने दाखवला, याचे मोल मोठे आहे.

१९५७ च्या भारतीय स्वामित्वहक्क कायद्यातही काही जागा मोकळी आहे. आज्ञावलीची प्रत रीतसर मिळवणारा, ती ज्या कामासाठी घेतली त्या कामासाठी वापरता यावी म्हणून तिचे रूपांतर करू शकतो. स्वतंत्रपणे रचलेली दुसरी आज्ञावली तिच्याशी जुळावी म्हणून आवश्यक ती माहितीही काढू शकतो. मात्र २०१२ च्या दुरुस्तीने कुलूप तोडण्यास तुरुंगवासाची शिक्षा ठेवली. एक दार उघडे ठेवून दुसऱ्याला कडी लावण्यासारखे हे झाले. कायद्याचा समतोल कोणत्या बाजूस झुकावा, हे ठरवण्याचे काम अजून शिल्लक आहे.

महागाई आणि बेकारी समोर असताना कार्यकर्त्यांनी मुलांच्या खेळाचा विचार का करावा, असा प्रश्न कोणी विचारील. त्याची उत्तरे दोन. पहिले असे की हेच कुंपण उद्या शेताच्या बांधापर्यंत येते. काही ठिकाणी ते आलेही आहे. २०१९ मध्ये पेप्सिको कंपनीने बटाट्याच्या एका वाणावरून गुजरातेतील शेतकऱ्यांवर दावे लावले आणि काही जणांकडे एक कोटीहून अधिक रुपये मागितले. दावे मागे घ्यावे लागले, कारण शेतकरी संघटना उभ्या राहिल्या आणि बियाणे राखण्याचा, पेरण्याचा व वाटण्याचा शेतकऱ्याचा हक्क मान्य करणारा २००१ चा कायदा त्यांच्या हाती होता. अमेरिकेत शेतकऱ्याला स्वतःचा ट्रॅक्टर दुरुस्त करता यावा म्हणून झगडावे लागते, कारण ट्रॅक्टरमधील आज्ञावली कंपनीच्या ताब्यात आहे. विकत घेतलेल्या वस्तूवर विकत घेणाऱ्याचा हक्क किती, हा प्रश्न खेळापासून नांगरापर्यंत एकच आहे.

दुसरे उत्तर भाषेचे. २००६ साली जपानीत निघालेल्या 'मदर ३' या खेळाची इंग्रजी आवृत्ती कंपनीने काढली नाही, तेव्हा चाहत्यांनीच २००८ मध्ये तो इंग्रजीत आणला. इंग्रजीवर ही वेळ आली, तर मराठीची काय कथा! २०११ च्या जनगणनेनुसार मराठी ही ८ कोटी ३० लाखांहून अधिक लोकांची मातृभाषा आहे. तरी मोठ्या परदेशी खेळांच्या भाषासूचीत ती क्वचितच आढळते. बाजाराचा हिशेब तिला लाभदायक मानीत नाही. मुरूडच्या किंवा रोह्याच्या मुलीला एखादा खेळ मराठीत खेळावयाचा असेल, तर तो कोणातरी हौशी तरुणालाच मराठीत आणावा लागेल. त्या तरुणाला वकिलाच्या पत्राचे भय असेल, तर त्याचे काम सुरू होण्याआधीच संपेल आणि ते कधी होऊ शकले असते हेही कोणास कळणार नाही.

मग मागणी काय करावी? मालकीच नको, अशी घोषणा देऊन टाळ्या मिळतील. कायदा मिळणार नाही. कूळकायद्याच्या धर्तीवर चार गोष्टी मागता येतील. पहिली: मॉडच्या कामाची जाहीर घोषणा झाल्यावर ठरावीक मुदतीत कंपनीने हरकत घ्यावी, मुदत टळल्यावर केवळ मूळ खेळ आपला आहे एवढ्यावरून काम बंद पाडता येऊ नये. दुसरी: मूळ खेळ विकत घेतलेला असल्याशिवाय चालत नाही आणि विक्रीस काढलेला नाही, अशा मॉडला व भाषांतराला कायद्याचे संरक्षण असावे. तिसरी: कंपनीने मॉडमधील काही उचलून विकले, तर करणाऱ्याचे नाव आणि वाटा दोन्ही द्यावीत. चौथी: कंपनीने खेळ चालवणे सोडले, तर तो चालू ठेवण्याची मोकळीक खेळाडूंना असावी.

ही चौथी मागणी कल्पनेतली नाही. युबीसॉफ्ट कंपनीने 'द क्रू' हा २०१४ सालचा खेळ ३१ मार्च २०२४ रोजी बंद केला आणि पैसे मोजून घेतलेली प्रत निरुपयोगी झाली. त्यानंतर युरोपात उभ्या राहिलेल्या मोहिमेने तेथील नागरिक-पुढाकाराच्या अर्जासाठी जुलै २०२५ पर्यंत दहा लाखांहून अधिक सह्या गोळा केल्या. खेळाडू हा विखुरलेला गिऱ्हाईक असतो, तो संघटित होत नाही, या समजुतीला त्याने धक्का दिला आहे.

महाराष्ट्रात याचा आरंभ लहान गोष्टींतून होऊ शकतो. प्रत्येक तालुक्यात संगणकावर रात्री जागणारे तरुण आहेत. वडीलधारी मंडळी त्यांना वेळ वाया घालवणारे म्हणतात. कार्यकर्त्यांनी त्यांच्याशी बोलावे, ते काय रचतात ते पाहावे, कायद्याने त्यांना कोठवर जाता येते ते समजावून द्यावे आणि नोटीस आली तर वकील शोधून द्यावा. चरीचा संप सुरू झाला तेव्हाही कुळाला आपला हक्क कोठे लिहिलेला आहे हे दाखवता येत नव्हते, कारण तो कोठेच लिहिलेला नव्हता. सहा वर्षांच्या संपानंतर तो लिहिला जाऊ लागला.